लाकडी अवजारांचे रंगापूर्वीचे अस्तर

पेरणीच्या ऐन आठवड्यात तिफणीचे दिंड भोकापाशी मोडले की दोष सुताराच्या माथी येतो, नाहीतर लाकडाच्या. वास्तविक पुष्कळ वेळा खरा दोष रंगाखाली कोंडलेल्या पाण्याचा असतो. वरून तुकतुकीत दिसणारे दिंड आतून कुजलेले असते व वाफसा हातचा जाऊ लागल्यावर ते ध्यानात येते.

लाकूड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांची जुडी होय. त्यामुळे बाजूंपेक्षा कापलेल्या टोकातून पाणी कित्येक पटींनी वेगाने आत शिरते. दिंडाची दोन्ही टोके, फण व रुमणे बसविण्याची भोके आणि बोल्टांची छिद्रे ही पाण्याची खरी दारे आहेत. रंगविताना नेमक्या याच जागा सुटतात. ओलावा लाकडाच्या कोरड्या वजनाच्या शेकडा २० च्या खाली राहिला, तर कुजविणारी बुरशी वाढू शकत नाही. अस्तराचा सारा खटाटोप एवढ्यासाठीच आहे.

यावरून रंगकामाची वेळही ठरते. पोळ्याच्या निमित्ताने बैलांच्या शिंगांबरोबर गाडी व अवजारेही रंगविण्याची हौस पुष्कळांना असते. परंतु त्या वेळी लाकूड पावसाने भिजलेले असते. त्यावर रंग चढविणे म्हणजे पाणी आत ठेवून दार लावणे होय. पोळ्याला गेरूचे पट्टे खुशाल ओढावेत. तेलाचा रंग मात्र चैत्र-वैशाखातच द्यावा. नवे लाकूड वाळले की नाही हे पाहण्यास त्याच जातीचा व जाडीचा तुकडा शेजारी ठेवून दर आठवड्यास तोलावा. वजन घटणे थांबले म्हणजे लाकूड वाळले असे समजावे.

प्रथम लाकूड काचकागदाने रेषांच्या दिशेने घासावे. जुना रंग असल्यास विशेष जपावे. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे केंद्रीय नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. तत्पूर्वीचा रंग कोरडा घासू नये, जाळूही नये. तो ओला करून खरवडावा, मुलांना दूर ठेवावे आणि खरवड धान्यात, चाऱ्यात वा पाण्यात जाऊ देऊ नये. शेंदराचे अस्तर देण्याची जुनी चालही याच कारणास्तव सोडावी, कारण शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड आहे.

गाठींतून डिंक व रस पाझरून रंग उचलतो. तेथे स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्या लाखेचे दोन हात द्यावेत. नंतर रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल व टर्पेंटाइन समभाग घेऊन सर्व लाकडास लावावे. टोकांना व भोकांच्या आतील बाजूस ते शोषले जाणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे. नव्या अवजारात हे काम जोडणीपूर्वी करावे, कारण नंतर कुंचला आत पोहोचत नाही. घाण्याचे कच्चे तेल वाळण्यास बरेच दिवस घेते. ते घरी चुलीवर उकळण्याचा उद्योग कोणी करू नये, आग लागते. तेलाने भिजलेल्या चिंध्याही गोळा करून टाकल्यास आपोआप पेट घेतात. त्या पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात. इंजिनाचे काळे तेल फुकट मिळते म्हणून कित्येक जण तेच चोपडतात, पण त्यावर पुढे कोणताही रंग धरत नाही.

तेल पूर्ण वाळल्यावर लाकडाच्या प्रायमरचा एक पातळ हात द्यावा. भेगांत लांबी भरावयाची ती यानंतर. आधी भरल्यास कोरडे लाकूड तिच्यातील तेल ओढून घेते व ती गळून पडते. मग हलके घासून रंगाचे दोन हात द्यावेत.

रुमण्याची मूठ आणि बैलाच्या मानेवर टेकणारा जुवाचा भाग रंगवू नये. तेथे रंगाचे पोपडे निघून बैलाची मान सोलते. या जागी नुसते तेल मुरवून ते पूर्ण वाळू द्यावे आणि मगच जू बैलांच्या मानेवर ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम एखाद्या जुन्या कुळवावर गावच्या सुताराकडूनच करवून दाखवावे. टोकांना दर वर्षी मृगापूर्वी तेल व रंगाचा एक हात पुन्हा द्यावा लागेल, हेही त्याच वेळी सांगावे.