रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर

दहावीच्या वर्षात मुलीचं अक्षर बिघडतं. पोटभर जेवते, पण अंगी लागत नाही. डिसेंबरातही पंखा लागतो, वाचलेलं डोक्यात राहत नाही, साध्या बोलण्यावर भडका उडतो. घरानं निदान केव्हाच केलेलं असतं: परीक्षेचं टेन्शन, वय, फार तर दृष्ट. कुणी नाडी मोजेपर्यंत सहामाही होऊन गेलेली असते. थायरॉइड अति काम करू लागली की असं होतं. तरुण वयात त्यामागे बहुतेकदा ग्रेव्हज आजार असतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथीला टाच मारत राहते.

या आजाराकडे पाहण्याची वैद्यकाची नजर हळूहळू बदलत गेली. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 1835 मध्ये गळ्याची सूज आणि धडधड यांची सांगड घातली. मर्सेबुर्गच्या बासेडो यांनी 1840 मध्ये बाहेर आलेल्या डोळ्यांसह तिन्ही लक्षणं एकत्र मांडली. थायरॉइडची शस्त्रक्रिया सुरक्षित करणारे बर्नचे थिओडोर कोखर 1909 च्या नोबेलचे मानकरी ठरले. 1941 मध्ये बोस्टनला साउल हर्ट्झ यांनी रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन दिलं आणि 1943 मध्ये एडविन अ‍ॅस्टवुड यांनी संप्रेरक रोखणारी औषधं वापरली. त्याच घराण्यातली कार्बिमाझोलची गोळी आजही दिली जाते. 1963 मध्ये मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं आणि आयोडीनचा उपचार आपल्या दाराशी आला.

आधी मान दिसली, मग डोळे, मग रक्त. माणूस कसा जगतो, हे विचारायला फार उशीर झाला.

हा प्रश्न ऐरणीवर आणणारं एक काम स्वीडनमध्ये झालं. 1980 च्या दशकात तिथे 179 रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं वेगवेगळे उपचार दिले गेले. विशीपासून चौतिशीपर्यंतच्या तरुणांना गोळ्या किंवा शस्त्रक्रिया, आणि त्याहून मोठ्यांसाठी आयोडीनचाही पर्याय. गोळ्या थांबवल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण तरुणांत सर्वाधिक होतं. 14 ते 21 वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा गाठलं, तेव्हा उपचारांमध्ये फारसा फरक आढळला नाही. पण सर्वसाधारण स्वीडिश लोकांच्या तुलनेत त्यांचा उत्साह कमीच होता. पुढे डेन्मार्कमध्ये थायरॉइडच्या रुग्णांसाठी खास प्रश्नावली तयार झाली. थकवा, चिंता, दिसण्याबद्दलचा संकोच, चारचौघांतला वावर यांना त्यात स्वतंत्र जागा मिळाली.

तरुणांसाठी हे प्रश्न अधिक बोचरे आहेत. दोन वर्षं गोळ्या घेऊनही बहुसंख्य मुलांचा आजार कायमचा ओसरत नाही. शस्त्रक्रिया किंवा आयोडीन घेतलं, तर पुढे बहुधा जन्मभर थायरॉक्सिन हे संप्रेरक गोळीतून घ्यावं लागतं. कार्बिमाझोल चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला, तर गोळी थांबवून लगेच रक्त तपासावं लागतं. म्हणजे सहलीला जातानाही आईची सूचना सोबत असते. लग्न ठरताना गोळीचा उल्लेख करायचा की नाही, यावर घरात कुजबुज होते. पण गरोदरपणाच्या सुरुवातीला हे औषध बाळाला अपाय करू शकतं, म्हणून नेमकी हीच गोष्ट आधी मोकळेपणानं बोलायची असते.

औषधानं हात काही आठवड्यांत थरथरायचे थांबतात. झोप, एकाग्रता आणि स्वतःवरचा भरवसा परतायला मात्र बरेच महिने जातात. तोवर ‘आता रिपोर्ट नॉर्मल आहे ना?’ असं शिक्षक विचारतात आणि मुलीला आपणच आळशी आहोत असं वाटू लागतं. म्हणून केसपेपरवर टीएसएच या थायरॉइडच्या रक्ततपासणीच्या आकड्याखाली आणखी एक ओळ हवी: झोप कशी आहे, शाळेत किती दिवस गेलीस, आणि वहीतलं अक्षर आता कसं येतं?