हिरव्या विजेचे बिल कोण भरते?

कोळसा खाणीतून काढावा लागतो, आगगाडीने शेकडो किलोमीटर वाहून न्यावा लागतो आणि जाळला की संपतो. पुन्हा नवा आणावा लागतो. वारा आणि ऊन मात्र फुकट मिळतात. मग ज्या देशाने वाऱ्यापासून व उन्हापासून भरपूर वीज घ्यायला सुरुवात केली, तेथे घरगुती वीज स्वस्त व्हायला हवी, असे कोणालाही वाटेल.

जर्मनीने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. २००० साली त्या देशात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी सुमारे ६ टक्के वीज वारा, ऊन, पाणी अशा न संपणाऱ्या साधनांपासून येत होती. २०२३ साली हा वाटा निम्म्याहून अधिक झाला. परंतु घरगुती विजेचा दर २००० साली युनिटला सुमारे १४ सेंट होता, तो २०२१ साली सुमारे ३२ सेंट झाला. (शंभर सेंटांचा एक युरो होतो. आणि युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. १००० वॉटची इस्त्री सलग एक तास चालली की एक युनिट वीज खर्च होते.)

तर मग हिरव्या विजेमुळे घरचे बिल वाढते, असे म्हणायचे का? उत्तर देण्याआधी हा दर कसा ठरला, ते पाहू.

वीस वर्षांचे वचन

इंधन फुकट असले तरी यंत्र फुकट नसते. पवनचक्की किंवा सौर पट्ट्या उभारताना जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. २००० साली सौर पट्ट्या फारच महाग होत्या. त्या कमी विकल्या जात म्हणून महाग होत्या, आणि महाग होत्या म्हणून कमी विकल्या जात. हे चक्र तोडण्यासाठी जर्मनीने एप्रिल २००० पासून एक कायदा लागू केला. जो कोणी पवनचक्की किंवा सौर पट्ट्या उभारील, त्याची वीज वीस वर्षे ठरलेल्या दराने विकत घेतली जाईल, असे वचन या कायद्याने दिले. वाऱ्याच्या विजेला सुरुवातीचा दर युनिटला सुमारे ९ सेंट होता, तर सौर विजेला तब्बल ५० सेंट.

बाजारात विजेला यापेक्षा पुष्कळ कमी भाव होता. वचनाचा दर आणि बाजारभाव यांतला फरक कोणी भरायचा? सर्व वीजग्राहकांनी, प्रत्येक युनिटमागे एक अधिभार देऊन. २००४ साली त्या वेळचे पर्यावरणमंत्री युर्गेन ट्रिटीन यांनी सांगितले, की याचा बोजा सरासरी कुटुंबावर महिन्याला एक युरो, म्हणजे आइसक्रीमच्या एका गोळ्याच्या किमतीएवढा पडेल. पुढे काय झाले? अधिभार २०१४ साली युनिटला ६.२४ सेंट आणि २०१७ साली ६.८८ सेंट झाला. वर्षाला ३५०० युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाचा हिशेब करा: ३५०० × ६.८८ सेंट म्हणजे सुमारे २४० युरो, अर्थात महिन्याला २० युरो. एका गोळ्याचे वीस गोळे झाले!

शंभर युनिटांचे गाव

हे कसे झाले, ते समजण्यासाठी आपण एक छोटे, काल्पनिक गाव घेऊ. या गावाला १०० युनिटे वीज लागते. ६० युनिटे घरांना आणि ४० एका मोठ्या कारखान्याला. वीज देणारी तीन केंद्रे आहेत. पहिले लिग्नाइटचे, ५० युनिटे देणारे, दर ३ सेंट. दुसरे दगडी कोळशाचे, ३० युनिटे देणारे, दर ४ सेंट. तिसरे नैसर्गिक वायूचे, ४० युनिटे देणारे, दर ६ सेंट.

विजेच्या घाऊक बाजाराचा नियम असा, की सर्वांत स्वस्त वीज आधी घ्यायची, मग त्याहून महाग, आणि गरज भागेपर्यंत असे वर चढत जायचे. शेवटी ज्या केंद्राची वीज घ्यावी लागली, त्याचा दर हाच सर्वांचा भाव. आपल्या गावात लिग्नाइट व दगडी कोळसा मिळून ८० युनिटे झाली, म्हणून २० युनिटे वायूकडून घ्यावी लागली. भाव ठरला ६ सेंट. गावाचा एकूण खर्च १०० × ६ = ६०० सेंट.

आता गावात पवनचक्क्या आल्या. त्या ३० युनिटे देतात आणि त्यांना ९ सेंटांचे वचन दिलेले आहे. वाऱ्याला इंधनाचा खर्च नाही, म्हणून बाजारात त्यांचा नंबर सर्वांत आधी लागतो. ३० वाऱ्याची, ५० लिग्नाइटची. उरलेली २० दगडी कोळशाकडून मिळतात. वायूचे केंद्र बंदच ठेवता येते. भाव उतरून ४ सेंट होतो. बाजाराचा खर्च १०० × ४ = ४०० सेंट. शिवाय पवनचक्क्यांना वचनाप्रमाणे युनिटमागे आणखी ५ सेंट द्यायचे, म्हणजे ३० × ५ = १५० सेंट. एकूण ५५० सेंट. पूर्वीच्या ६०० पेक्षा कमीच!

येथे एक गंमत लक्षात घ्या. भाव ६ सेंट असता तर वचन पाळायला युनिटमागे ३ सेंटच घालावे लागले असते. वाऱ्यामुळे भाव ४ सेंटांवर आला, म्हणून ५ सेंट घालावे लागले. म्हणजे वाऱ्याने वीज जितकी स्वस्त केली, तितका अधिभार वाढला. बिलावर अधिभाराची ओळ सर्वांना दिसते; उतरलेल्या भावाची ओळ मात्र कोठेच छापलेली नसते.

मग घरांचा फायदा झाला का? तेही पाहू. समजा, कारखाना म्हणाला, “मला परदेशी कारखान्यांशी स्पर्धा करायची आहे, मला अधिभार माफ करा,” आणि तो माफ झाला. आता १५० सेंट केवळ घरांच्या ६० युनिटांवर पडतील, म्हणजे युनिटला अडीच सेंट. घरांना वीज ४ + २.५ = ६.५ सेंटांनी पडेल, पूर्वीपेक्षा अर्धा सेंट महाग. कारखान्याला मात्र ती ६ ऐवजी ४ सेंटांनी मिळेल. गावाचा खर्च घटला, पण घराचे बिल वाढले! जर्मनीत पोलाद, ॲल्युमिनियम, रसायने अशा भरपूर वीज लागणाऱ्या उद्योगांना अशी सूट खरोखरच होती.

आता गावात सौर पट्ट्याही आणू. फक्त ५ युनिटे, पण वचन ५० सेंटांचे. बाजारभाव ४ सेंटच राहतो. फरक ४६ सेंट, ५ युनिटांचे झाले २३० सेंट. वाऱ्याच्या ३० युनिटांना जेवढे घालावे लागले, त्याहून जास्त या पाच युनिटांना घालावे लागले. एकूण खर्च ७८० सेंट झाला, आणि घरांचा दर सुमारे १०.३ सेंट. जर्मनीत २०१०, २०११ आणि २०१२ या तीन वर्षांत दरवर्षी ७,००० मेगॅवॉटहून अधिक सौर पट्ट्या बसल्या. नव्या पट्ट्यांसाठी दर खाली आणले जात होते. पण पट्ट्यांची किंमत त्याहून वेगाने उतरत होती, म्हणून लोकांनी घाई केली. एकदा दिलेले वचन वीस वर्षे पाळावेच लागते.

दोष किती कोणाचा?

२००० ते २०२१ या काळात जर्मनीतला घरगुती दर सुमारे १८ सेंटांनी वाढला. त्यात अधिभाराची वाढ ६.३ सेंट. तिच्यावर १९ टक्के मूल्यवर्धित कर लागतो, तो धरून साडेसात सेंट. म्हणजे वाढीचा साधारण दोन-पंचमांश भाग हिरव्या विजेच्या अधिभाराचा होता. उरलेला तारांचा आकार, इतर कर आणि वीजनिर्मितीचा खर्च यांचा. “सगळी वाढ हिरव्या विजेमुळे” हे म्हणणे जसे चूक, तसे “तिचा काही संबंध नाही” हे म्हणणेही चूकच.

पुढचा धडा २०२२ साली मिळाला. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युरोपात नैसर्गिक वायू अतोनात महाग झाला. जर्मनीत घाऊक विजेचा सरासरी भाव २०२० साली युनिटला सुमारे ३ सेंट होता, तो २०२२ साली २३ सेंटांच्या पुढे गेला. बाजारभावच इतका चढल्यावर वाऱ्याच्या विजेच्या वचनात घालण्याजोगा फरक उरला नाही. अधिभार आधी ३.७२ सेंटांवर आला आणि १ जुलै २०२२ पासून शून्य झाला. तरीही २०२३ साली घरांना वीज सरासरी ४० सेंटांहून महाग पडली! या वेळी बिल वाढवणारा होता वायू. मात्र जुनी वचने अजून संपलेली नाहीत. भाव उतरल्यावर त्यांचा फरक पुन्हा भरावा लागला, पण तो आता सरकारी तिजोरीतून, म्हणजे करांतून जातो. बिलावरची ओळ गेली, खर्च गेला नाही.

मागून येणाऱ्याचा लाभ

मग जर्मन कुटुंबांचे पैसे वाया गेले का? मुळीच नाही. त्या मागणीमुळे सौर पट्ट्यांचे मोठमोठे कारखाने, विशेषतः चीनमध्ये, उभे राहिले. जगात आजवर बनलेल्या पट्ट्यांची एकूण संख्या दुप्पट झाली, की किंमत सुमारे २० टक्क्यांनी उतरते, असे अनेक वर्षांच्या अनुभवातून दिसले आहे. दहा वेळा दुप्पट झाली तर? कॅल्क्युलेटरवर ०.८ ला ०.८ ने गुणत जा. दहा वेळा ०.८ घेऊन आलेला गुणाकार ०.१०७ येईल. म्हणजे किंमत सुमारे दहावा हिस्सा!

याचा लाभ आपल्या देशाला झाला. २०१० साली राष्ट्रीय सौर मिशन सुरू झाले, तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे धरला होता. पण सरकारने तो सरसकट न देता उलटा लिलाव केला. जो सर्वांत कमी दर मागेल, त्याला काम. त्याच वर्षाच्या अखेरीस सर्वांत कमी बोली १० रुपये ९५ पैशांची आली. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे ती २ रुपये ४४ पैसे झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. दर इतके उतरल्यामुळे दुपारची सौर वीज घेतल्याने वीज कंपनीचा खर्च वाढण्याऐवजी कमी होऊ लागला.

कोळशाच्या विजेचे तसे नाही. २०२२ साली देशात कोळशाची टंचाई झाली, तेव्हा केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांना १० टक्के आयात कोळसा मिसळण्यास सांगितले. तो महाग होता. असा वाढीव खर्च आपल्या बिलात ‘इंधन समायोजन आकार’ या नावाने येतो. उन्हाला असा आकार लागत नाही.

सूर्य मावळल्यावर

याचा अर्थ सौर वीज नेहमीच स्वस्त पडेल, असा नव्हे. आपल्या घरी दिवे, पंखे, टीव्ही चालतात ते मुख्यतः संध्याकाळी, आणि तेव्हाच सूर्य मावळतो. दुपारची वीज संध्याकाळसाठी साठवावी लागते. यासाठी एक युक्ती महाराष्ट्रात आधीपासून आहे. सह्याद्रीतील घाटघर येथे २५० मेगॅवॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. जेव्हा वीज शिल्लक असते, तेव्हा खालच्या जलाशयातले पाणी पंपांनी वर चढवायचे; जेव्हा हवी असते, तेव्हा ते खाली सोडून जनित्रे फिरवायची. अशा प्रकल्पात साधारण चार युनिटे खर्चावीत तेव्हा तीन युनिटे परत मिळतात. म्हणजे अडीच रुपयांची वीज साठवून घेतली, की नुसत्या गळतीमुळेच ती सुमारे ३ रुपये ३३ पैशांची होते. धरण, बोगदे, यंत्रे यांचा खर्च वेगळाच. शिवाय राजस्थानातली वीज इकडे आणायची तर लांबलचक पारेषण वाहिन्या हव्यात. हा खर्चही कोणीतरी भरणारच.

म्हणून कोणी “हिरवी वीज महाग” किंवा “हिरवी वीज स्वस्त” असे म्हटले, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. तिचा दर कोणत्या वर्षी ठरला? खर्चाची वाटणी कोणाकोणात झाली, आणि कोणाला सूट मिळाली? आणि दिवसाच्या कोणत्या वेळेची वीज? जर्मनीतील कुटुंबांचे बिल वाढले ते वाऱ्यामुळे वा उन्हामुळे नव्हे. पट्ट्या महाग असताना दिलेली दीर्घ मुदतीची वचने आणि त्यांच्या बोजाची असमान वाटणी, ही त्यामागची मोठी कारणे होती. वचन देऊ नये, असा याचा अर्थ नाही; ते दिले गेले नसते तर पट्ट्या स्वस्त झाल्या नसत्या. पण वचन देताना त्याचा दर, मुदत आणि भरणारा हे तिन्ही नीट पाहिले पाहिजेत.

करून पाहा

१. घरची मागील सहा महिन्यांची वीजबिले गोळा करा. प्रत्येकातील स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क वेगवेगळे लिहा. त्या महिन्याच्या एकूण रकमेला युनिटांनी भागा. दर महिन्याला उत्तर सारखे येते का? नसल्यास कोणत्या ओळीमुळे बदलते?

२. शंभर युनिटांच्या गावात फक्त पवनचक्क्या ठेवा (सौर पट्ट्या नाहीत) आणि वायूचा दर ६ ऐवजी २५ सेंट करा. पवनचक्क्यांमुळे गावाचे किती सेंट वाचतात? आता एखाद्या दिवशी वारा अजिबात पडला तर भाव किती होईल?

३. एका इमारतीतील निम्म्या घरांनी छतावर सौर पट्ट्या बसवल्या आणि त्यांची बिले जवळजवळ शून्य झाली. रस्त्यावरच्या तारा आणि रोहित्र यांचा खर्च मात्र तेवढाच आहे. तो आता कोणी भरावा? वर्गात चर्चा करा.