कागदाची घडी : सुरुवात कुठून करायची?

काशीच्या समोरच्या तीरावरून, रामनगरातून बोलतो आहे. आजचा विषय ओरिगामी. नाव जपानी आहे : ‘ओरि’ म्हणजे घडी घालणे, ‘कामि’ म्हणजे कागद. पण लहानपणी पावसाच्या पाण्यात होडी सोडलेल्या माणसाला हे काम नवे नाही. दाणेवाला रद्दीची पुडी वळतो, तेव्हा त्याच्या हातात कुठे मोजपट्टी असते?

तरीही पुस्तक समोर घेऊन बसलेले बरेच जण सातव्या-आठव्या पायरीला कागद चुरगाळतात आणि म्हणतात, ‘माझ्या हातात कला नाही.’ दोष बहुधा हातात नसतो, पहिल्या घडीत असतो. तिथे दोन मिलिमीटर फरक राहिला की पुढे तो वाढतच जातो.

म्हणून आधी चौरस नीट करा. वहीच्या कागदाची आखूड कड लांब कडेवर आणा, कोपऱ्यातून तिरकी घडी घाला आणि उरलेली पट्टी कापा. घडी घालताना क्रम पाळा : आधी टोकाला टोक जुळवा, मग मधून दाबा, शेवटी नख फिरवा. कागद टेबलावर ठेवा, हवेत धरू नका.

मूळ घड्या दोनच. रेघ खोल जाते ती दरीची, वर येते ती डोंगराची. चित्रात दरीसाठी तुटक रेघ असते, डोंगरासाठी मध्ये टिंबे घातलेली. जपानचे अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी ही खुणांची भाषा रुळवली. ती वाचता आली की जपानी पुस्तकावरूनही घडी घालता येते.

आता एक प्रयोग. चौरस उभा अर्धा दुमडून उघडा, मधली रेघ मिळेल. खालचा उजवा कोपरा उचलून त्या रेघेवर टेकवा, मात्र घडी खालच्या डाव्या कोपऱ्यातून गेली पाहिजे. कोपरा टेकला तिथे टिंब द्या. हे टिंब आणि खालचे दोन कोपरे मिळून समभुज त्रिकोण होतो. का? डाव्या कोपऱ्यापासून टिंबापर्यंतचे अंतर म्हणजे चौरसाची खालचीच बाजू, आणि मधल्या रेघेवरचे टिंब दोन्ही कोपऱ्यांपासून सारखेच दूर. कंपास न वापरता ६० अंश मिळाले.

अशी भूमिती टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रासला पुस्तकरूपाने छापली. कल्पना त्यांना बालवाडीतल्या कागदकामावरून सुचली होती. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी पुस्तकाची दखल घेतली आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली. ज्या मुलाकडे कंपासपेटी नाही, त्याच्यासाठी हे पुस्तक आजही कामाचे आहे.

फौजेत आमचा रोजचा संबंध नकाशाशी. घड्या काटकोनात एकमेकींना छेदतात, तिथेच नकाशा आधी फाटतो. कोर्यो मिउरा यांनी घड्या किंचित तिरक्या केल्या. समोरासमोरचे दोन कोपरे ओढले की अख्खा कागद उलगडतो. १९९५ मध्ये जपानच्या उपग्रहावर सौरपटल याच घडीने उघडले.

शिकणाऱ्यांनी आठवड्याला एकच वस्तू घ्यावी, पण ती दहा वेळा करावी. आधी होडी, मग टोपी, मग बगळा. रद्दी चालेल. पुण्याच्या आयुकात पूर्वी मुलांसाठी खेळणी घडवणारे अरविंद गुप्ता यांनी वर्तमानपत्राच्या टोप्यांनीच कितीतरी मुलांना शिकवले. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तके मोफत आहेत.

पुढच्या भागात बगळा करू. तोवर दहा चौरस तयार ठेवा.