फाटा शोधणारी ‘की’

हिंगोली–औंढा नागनाथ रस्ता ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या एक्सएमएल फाइलमध्ये उघडून बघा. रस्ता म्हणून तिथे नुसती बिंदूंच्या क्रमांकांची रांग दिसते. अक्षांश-रेखांश असतात फाइलच्या वरच्या भागात, बिंदूंच्या नोंदींत.

मग रस्त्याशेजारीच त्याचे अक्षांश-रेखांश मांडायचे कसे? एक्सएमएल फाइलचं रूपांतर करणाऱ्या एक्सएसएलटी या भाषेत प्रत्येक क्रमांकासाठी सगळे बिंदू पहिल्यापासून चाळता येतात, पण अख्ख्या जिल्ह्याची फाइल असली की संगणक रखडतो. त्यावर उतारा ‘की’. सुरुवातीलाच सांगून ठेवायचं: बिंदू त्यांच्या क्रमांकानुसार लावून ठेव. तलाठ्याला गट नंबर सांगितला की सातबारा निघतो, तसंच. कीचं नाव देवनागरीत ‘बिंदू’ असं ठेवलं तरी चालतं.

खरी गंमत उलट्या कीमध्ये. आता रस्ते लावायचे, त्यांच्यातल्या बिंदूंच्या क्रमांकांनी. एकच रस्ता मग अनेक क्रमांकांखाली नोंदला जातो, आणि एक्सएसएलटीला ते मान्य आहे. एखादा बिंदू विचारला आणि दोन-तीन रस्ते हाती आले, तर तिथे बहुधा फाटा आहे. (बहुधा, कारण पुलापाशी एकाच रस्त्याचे तुकडे केलेले असतात.) फाइलमध्ये फाट्यांची यादी कुठेच नव्हती, ती अशी तयार होते.

कीची ही सोय नोव्हेंबर १९९९मध्ये एक्सएसएलटीच्या पहिल्याच आवृत्तीत आली, हिंगोली जिल्हा झाला त्याच वर्षी. २००७च्या दुसऱ्या आवृत्तीत गटवारीसाठी वेगळी आज्ञा मिळाली, पण असे दुवे जुळवायला अजूनही कीच बरी.