चोपन्न लिटर पाण्यात दीड लिटर हवा

जव्हारमधल्या एखाद्या पक्क्या घरात 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 30 उंच अशी माशांची टाकी आहे आणि घराला आग लागली असं धरू. काठोकाठ भरली तर पाणी 54 लिटर. ते 28 अंशांवरून 38 वर न्यायला सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता लागते. एवढ्याच उष्णतेनं दहा बाय दहाच्या खोलीतली सगळी हवा 75 अंशांनी तापेल! म्हणजे खोलीत माणूस होरपळत असतानाही पाणी बराच वेळ कोमट राहतं.

पण माशांचा घात दुसरीकडून होतो. वीज जाते, पंप थांबतो. त्या 54 लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम 420 मिलिग्रॅम. इतका तर दीड लिटर हवेत असतो. पाण्यावर काजळीचा थर बसतो. काचेचा खालचा भाग पाण्यामुळे गार आणि वरची कड तापलेली. दोन्हींत चाळीस-पन्नास अंशांचा फरक पडला की साधी काच तडकू शकते.

मोखाड्याच्या पाड्यांवर गणित बदलतं. कारवीच्या कुडाच्या भिंती, एकाच छपराखाली माणसं आणि गोठा, वर माळ्यावर पेंढा. अर्धा टन पेंढ्यात स्वयंपाकाच्या अकरा सिलिंडरांइतकी आग दडलेली असते. ज्वाळांआधी धूर पोचतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक ओढीनं चिकटतो. पक्ष्यांना तो फार लवकर बाधतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत 1986 पर्यंत कॅनरी पक्षी याचसाठी नेत. खुराड्यातल्या कोंबड्या म्हणूनच आधी जातात.

सामानानं भरलेली बंद खोली तीन ते पाच मिनिटांत एकदम पेट घेऊ शकते. जव्हार-मोखाडा हे वीस-पंचवीस किलोमीटरचं वळणावळणाचं अंतर कापायला अग्निशमन गाडीला अर्धा तास हवा. जनावर दगावलं तर आपत्ती मदतीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत बैलाला 32,000 रुपये, शेळीला 4,000, कोंबडीला 100. टाकीतल्या शोभेच्या माशांना काहीच नव्हतं.

तेव्हा खरा हिशेब जनावर बांधलेल्या दाव्याचा. बिथरलेलं जनावर ओढ घेतं, निरगाठ आणखी आवळते. एक गाठ सोडायला 20 सेकंद धरले तर सहा जनावरांना दोन मिनिटं जातात. सुरगाठ असेल आणि एका हिसक्याला तीन सेकंद लागले, तर सहाही 18 सेकंदांत मोकळी. वाचलेले 102 सेकंद माणसाला बाहेर पडायला मिळतात. पेंढा गोठ्यापासून लांब रचायला जागा हवी, मेहनत हवी. गाठ बदलायला एक पैसाही लागत नाही.