सात मुक्कामांचं बहीणपण

नांदेड जिल्ह्यातलं भोकर मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर आहे. तेलंगणाची हद्द इथून जवळ, भोवती वाड्या आणि तांडे. हैदराबाद मुक्तिलढ्यातले नेते दिगंबरराव बिंदू यांच्या नावाचं महाविद्यालय या गावात आहे. ते नांदेडच्या ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे, त्यालाही याच लढ्याचे धुरीण स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव आहे.

अशा गावातल्या महाविद्यालयात मुलींचं बहीणपण कसं जुळतं? अमेरिकेतल्या विद्यापीठांत त्यासाठी मुलींचे भगिनीसंघ असतात. जॉर्जियातल्या वेस्लियन महाविद्यालयात १८५१ साली असा एक संघ सुरू झाला. नव्या मुलीला घ्यायचं की नाही, हे अशा संघांत आधीच्या सभासद ठरवतात. आपल्याकडे मुलींना एकत्र आणण्याचं काम राष्ट्रीय सेवा योजना करते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. इथं नाव नोंदवलं की मुलगी स्वयंसेविका होते. मग दोन वर्षांत २४० तास सेवा आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर.

खरी ओळख होते ती शिबिरात. मुक्काम बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. नांदेड जिल्हा ज्यासाठी नावाजला, तो शोषखड्डा हाही अशाच श्रमाचा प्रकार. चार फूट खोल खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. सांडपाणी जमिनीत मुरलं की गल्लीत डबकं उरत नाही आणि डासांना अंडी घालायला जागा मिळत नाही.

त्या खड्ड्यात टिकाव मारणारी आणि वर घमेलं ओढून घेणारी, दोघी एकमेकींच्या भरवशावर असतात. घरी गोरमाटी बोलणारी तांड्यावरची मुलगी आणि बाजारपेठेतल्या दुकानदाराची मुलगी एकाच सतरंजीवर झोपतात, एकाच पातेल्यातलं वरण वाढून घेतात. वर्षभर एका वर्गात बसूनही जे बोलणं झालेलं नसतं, ते इथं होतं. असं बहीणपण कामातूनच येतं, म्हणून ते टिकाऊ असतं.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे: मुलीला घराबाहेर मुक्काम करू देणं. त्यासाठी महाविद्यालयांनी शिबिरात महिला कार्यक्रम अधिकारी, बंद दाराचं न्हाणीघर आणि स्वच्छ शौचालय यांची आधी हमी द्यावी. आणि आईवडिलांनी ते सात दिवस लेकीच्या शिक्षणातच मोजावेत. शिबिरात गावाच्या चावडीसमोर उभं राहून पाण्यावर, आरोग्यावर बोललेली मुलगी पुढे ग्रामसभेत गप्प बसणार नाही.