वाफेने वसवलेली गावे – लेखांक 6 : स्विंडनचा चढ

गेल्या आठवड्यात आपण मँचेस्टरच्या गिरण्यांपाशी थांबलो होतो. त्याआधीची सूतगिरणी नदीला बांधलेली असे. पाणचक्की फिरवायला जोरात वाहणारे पाणी हवे, म्हणून गिरणी डोंगरदरीत जाई आणि कामगारांना तिच्या मागोमाग जावे लागे. जेम्स वॉटने 1781 मध्ये फिरती गती देणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले आणि पुढच्या काही वर्षांत गिरणीची नदीपासून सुटका झाली. कोळसा पोचेल तिथे ती उभी राहू लागली. 1801 ते 1851 या पन्नास वर्षांत मँचेस्टरची लोकसंख्या सुमारे चौपट झाली. पण मँचेस्टर आधीपासून मोठी बाजारपेठ होती. वाफेने ती वाढवली एवढेच. स्विंडनची गोष्ट निराळी आहे. तिथे वाफेच्या इंजिनाला जे जमत नव्हते, त्यातून शहर जन्माला आले.

लंडन ते ब्रिस्टल हा सुमारे 118 मैलांचा लोहमार्ग ग्रेट वेस्टर्न कंपनीने बांधला. त्याचा मुख्य अभियंता होता इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल. लंडनकडून निघालेला रूळ जवळपास सपाट जातो. ब्रिस्टलच्या बाजूला मात्र वूटन बॅसेट आणि बॉक्स या दोन ठिकाणी शंभर फुटांमागे एक फूट चढ आहे. आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. कर्जतला गाडीला मागून ढकलणारे जादा इंजिन, म्हणजे बँकर, जोडताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना बोरघाटातला 37 फुटांमागे एक फूट चढ ठाऊक असतो. पण 1840 चे इंजिन फार अशक्त होते.

त्याचे कारण चाकात होते. त्या काळच्या इंजिनात दट्ट्याने एक फेरी पुरी केली की मुख्य चाकाचाही एक फेरा होई. ग्रेट वेस्टर्नच्या 'फायरफ्लाय' जातीच्या इंजिनांचे मुख्य चाक सात फूट व्यासाचे होते. म्हणजे एका फेऱ्यात इंजिन बावीस फूट पुढे जाई. सपाटीवर यासारखे सुख नाही, वेग भरपूर मिळतो. पण चाक जितके मोठे तितकी ओढ कमी. चढावर लहान चाकाचेच इंजिन हवे. एकाच इंजिनाने दोन्ही कामे नीट होत नव्हती, म्हणून वाटेत कुठेतरी इंजिन बदलणे भाग होते.

कुठे, हे ठरवले डॅनियल गूचने. कंपनीच्या इंजिनांचा कारभार त्याच्या हाती आला तेव्हा, 1837 मध्ये, त्याची एकविशीही पुरी झाली नव्हती. सप्टेंबर 1840 मध्ये त्याने ब्रुनेलला पत्र लिहून स्विंडन सुचवले. सपाटी संपते आणि पश्चिमेचे चढउतार सुरू होतात ते हेच ठिकाण. चेल्टनहॅमकडे जाणारा फाटा इथूनच फुटायचा होता. शिवाय जवळून कालवा वाहत होता, त्यामुळे कोळसा आणि पाणी दोन्हींची सोय होती. रेल्वेच्या इतिहासात ब्रुनेलचे नाव इतके मोठे आहे की गूच त्याच्या सावलीत राहतो. पण शहर वसवणाराचा मान द्यायचा तर तो मी गूचला देईन.

जुने स्विंडन टेकडीवरचे लहानसे बाजाराचे गाव होते. 1801 मध्ये तिथे जेमतेम 1,200 माणसे होती. कारखाना आला तो टेकडीखालच्या चिकणमातीच्या कुरणात, गावापासून मैलभर दूर. जानेवारी 1843 मध्ये तो सुरू झाला. आधी इथे फक्त दुरुस्ती होई. 1846 मध्ये 'ग्रेट वेस्टर्न' नावाचे संपूर्ण इंजिन अवघ्या 13 आठवड्यांत इथे तयार झाले. इंजिन बांधायला फिटर, लोहार, ओतारी लागतात, आणि ते आसपासच्या विल्टशर परगण्यातल्या शेतमजुरांत मिळणार नव्हते. इंग्लंडचा उत्तर भाग, स्कॉटलंड आणि पुढे वेल्स इथून माणसे आली. त्यांना राहायला घरे नव्हती.

कंपनीकडे तेव्हा पैशाची चणचण होती. तिने रिग्बी नावाच्या ठेकेदारांशी सौदा केला : सुमारे 300 घरे आणि स्टेशनातले उपाहारगृह तुम्ही स्वखर्चाने बांधा, घरांचे भाडे तुमचे, उपाहारगृह 99 वर्षे नाममात्र भाड्याने तुमच्याकडे, आणि आमची प्रत्येक नेहमीची गाडी स्विंडनला दहा मिनिटे थांबेल. या दहा मिनिटांनी पुढच्या पन्नास वर्षांत कंपनीला हैराण केले. इंजिने सुधारली, ती बदलायची गरज उरली नाही, तरी गाडी करारापायी थांबतच राहिली. अखेर 1895 मध्ये कंपनीने एक लाख पौंड मोजून हा करार सोडवला.

ती घरे आजही उभी आहेत. दगडी, दुमजली, पुढे हातभर अंगण, मागे बोळ. गल्ल्यांना नावे दिली ती याच रेल्वेच्या वाटेवरच्या गावांची : ब्रिस्टल, बाथ, एक्झेटर, टाँटन, रेडिंग, ऑक्सफर्ड. बाहेरून वस्ती देखणी दिसे. आत मात्र लहान घरात खाली एक खोली, वर एक खोली, आणि त्यात भाडेकरू ठेवलेले. सांडपाण्याची धड सोय नसल्याने रोगराई फिरे. 1840 च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेच्या धंद्यात मंदी आली तेव्हा शेकडो कामगारांना काढून टाकले गेले. दुसरा मोठा मालक आसपास नव्हता. एकाच कंपनीच्या जिवावर जगणाऱ्या गावाचे भय हेच असते, आणि मुंबईच्या गिरणगावाने ते पुढे फार भोगले.

असे असूनही स्विंडन टिकले, ते कामगारांनी गाठीच्या पैशांतून उभारलेल्या संस्थांमुळे. 1844 मध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन सुरू झाले. वाचनालय, व्याख्याने, नाटके, संगीत सगळे तिथे. 1847 मध्ये वैद्यकीय निधी निघाला. पगारातून ठरावीक वर्गणी कापली जाई आणि त्यात कामगारासह त्याच्या बायकामुलांनाही डॉक्टर आणि औषध मिळे. पुढे या निधीचे रुग्णालय झाले आणि 1892 मध्ये मिल्टन रोडवर दवाखान्यासह स्नानगृहे झाली. 1948 मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होईपर्यंत, म्हणजे शंभर वर्षे, ही व्यवस्था चालली. हा निधी मला ब्रुनेलच्या कुठल्याही पुलापेक्षा मोठे बांधकाम वाटतो.

1849 मध्ये सुमारे 500 जण खास गाडीने ऑक्सफर्डला सहलीला गेले. तीच प्रथा वाढत वाढत आठवडाभराची 'ट्रिप' झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी या आठवड्यात वीस हजारांहून अधिक माणसे विशेष गाड्यांनी समुद्रकाठी जात आणि गाव ओस पडे. कंपनी प्रवास फुकट देई, पण सुट्टीचा पगार देत नसे. म्हणून घरोघरी वर्षभर ट्रिपसाठी पैसे साठवत आणि परतल्यावर ओढाताण सोसत.

कारखान्याच्या आत काय चाले ते आल्फ्रेड विल्यम्सने लिहून ठेवले आहे. तो इथल्या लोहारशाळेत वाफेच्या घणावर काम करी. भट्टीतून काढलेला लाल गोळा घणाखाली धरायचा, घण आदळला की तो वळवायचा, पुन्हा धरायचा, असे दिवसभर. त्याने स्वतःच्या हिमतीवर लॅटिन आणि ग्रीक शिकून घेतली. प्रकृती ढासळल्याने 1914 मध्ये त्याने नोकरी सोडली आणि पुढच्याच वर्षी 'लाइफ इन अ रेल्वे फॅक्टरी' हे पुस्तक छापले. धूर, कानठळ्या, कामाचा वाढत जाणारा वेग, मुकादमांची मनमानी हे सारे त्यात आहे, आणि कारखान्यातल्या माणसाने लिहिलेले असल्यामुळे ते अजून वाचावेसे वाटते. महायुद्धात तो तोफखान्यातून हिंदुस्थानात आला. परतल्यावर त्याने संस्कृतचा अभ्यास केला आणि पंचतंत्रातल्या गोष्टी इंग्रजीत सांगितल्या. ते पुस्तक 1930 मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी निघाले. आपल्या विष्णुशर्म्याच्या कथा इंग्रजीत नेणाऱ्यांमध्ये स्विंडनचा एक घणवाला आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही.

1900 मध्ये टेकडीवरचे जुने गाव आणि खालचे नवे गाव मिळून एक नगरपालिका झाली. पहिला महापौर झाला जॉर्ज जॅक्सन चर्चवर्ड, रेल्वेचाच इंजिन-अभियंता. तोवर लोकसंख्या 45,000 च्या घरात गेली होती. कारखान्याला 1986 मध्ये कुलूप लागले.

पुढच्या लेखांकात मिडल्सबरो. 1801 च्या शिरगणतीत तिथे पंचवीस माणसे होती. 1830 मध्ये कोळसा जहाजांवर चढवण्यासाठी रेल्वे तिथवर नेली गेली, 1850 मध्ये ईस्टनच्या टेकड्यांत लोहखनिज सापडले, आणि शतक संपता संपता तिथे नव्वद हजारांचे शहर झाले.